टॉवेलच्या कारखान्याचं सामाजिक ऑडिट: फाटकापासून फेरतपासणीपर्यंत

निर्यातीचा माल शिवणाऱ्या बहुतेक कारखान्यांत एक साधी वही असते. मशीनवर सुई मोडली की शिवणाऱ्या बाईने तिचे सगळे तुकडे शोधायचे, वहीत चिकटवायचे, शेजारी तारीख, मशीन नंबर आणि स्वतःचं नाव लिहायचं, मग नवी सुई मिळते. गिऱ्हाइकाच्या टॉवेलमध्ये सुईचं टोक जाऊ नये म्हणून ही काळजी. काही वर्षांपूर्वी सोलापुरात अशीच वही चाळताना एका रविवारी सात सुया मोडलेल्या दिसल्या. हजेरीपुस्तकात मात्र त्या रविवारी प्रत्येक नावापुढे साप्ताहिक सुट्टी होती. त्याआधी चार तास मी पगारपत्रकं तपासली होती आणि त्यांत मला एकही चूक सापडली नव्हती. तेव्हापासून मी कोणताही कागद एकटा वाचत नाही.

हा लेख पुरवठादारांच्या कारखान्यांत कामगारांची परिस्थिती तपासायला, म्हणजेच सामाजिक ऑडिटला, जाणाऱ्यांसाठी आहे. त्यांत निर्यातदाराच्या कंप्लायन्स (नियमपालन) विभागातली मंडळी आली, परदेशी गिऱ्हाइकांसाठी माल खरेदी करणाऱ्या बायिंग हाऊसमधली आली आणि त्रयस्थ संस्थेचे नवे ऑडिटरही आले. उदाहरणं सोलापूरच्या टेरी टॉवेलची घेते, कारण माझं बरंचसं काम तिथलं. पण तपासण्याचा क्रम इचलकरंजीच्या यंत्रमागांना आणि चाकणच्या प्रेस शॉपलाही तसाच लागू पडतो.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यात माणसं सुरक्षित असतातच असं नाही. कराचीच्या बाल्दिया भागातल्या कपड्यांच्या कारखान्यात ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागली आणि अडीचशेहून जास्त माणसं मेली. त्या कारखान्याला जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी एसए ८००० हे सामाजिक जबाबदारीचं प्रमाणपत्र मिळालं होतं. आग मुद्दाम लावली होती, असा निकाल पुढे २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने दिला. पण खिडक्यांना गज होते आणि दारं बंद होती म्हणून माणसं बाहेर पडू शकली नाहीत, आणि दारं-खिडक्या तर ऑडिटरने बघायच्याच होत्या. बांगलादेशातली राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, १,१३४ जण गेले. तिथल्या काही कारखान्यांचीही आधी ऑडिटं झाली होती, मात्र इमारतीचा सांगाडा त्या तपासणीच्या कक्षेत नव्हता. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले तेव्हा तळाकडच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली, शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं.

जाण्यापूर्वी

स्मेटा, एसए ८०००, अँफोरी बीएससीआय अशा सामाजिक ऑडिटच्या पद्धतींपैकी गिऱ्हाइकाने जी मागितली असेल तिची प्रश्नावली घ्या, पण तपासाची दिशा प्रश्नावलीवर सोडू नका. पुरवठादाराकडून आधी चार गोष्टी मागवा: कामगारांची खातेनिहाय संख्या, यंत्रांची यादी, गेल्या बारा महिन्यांचं महिनावार उत्पादन आणि बाहेर काम दिलेल्या ठिकाणांचे पत्ते.

मग टेबलावर बसून गणित करा. समजा, हेमिंगच्या, म्हणजे कडा दुमडून शिवायच्या, १२ मशीन आहेत आणि एका मशीनवर तासाला ८५ टॉवेल निघतात. दिवसाचे ८ तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर २ लाख १२ हजारांच्या आसपास नग होतात. ऑक्टोबरमध्ये ३ लाख नग गेले असतील, तर उरलेले ८८ हजार कुणीतरी जादा वेळ बसून शिवले, नाहीतर ते दुसरीकडे शिवून आले. कारखान्यात पाऊल टाकण्याआधीच तुमचा पहिला प्रश्न तयार झाला.

सोलापुरात हा प्रश्न फार महत्त्वाचा असतो. सूत एकीकडे रंगतं, विणकाम दुसरीकडे, शिवण तिसरीकडे, आणि कधी एकाच शेडमध्ये पत्र्याच्या आडभिंती घालून दोन-तीन फर्म चालतात. कामगारसंख्या कायद्याच्या मर्यादेखाली ठेवायला ही विभागणी सोयीची पडते. ईएसआय (कामगार राज्य विमा) १० कामगारांपासून लागू होतो, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) २० पासून. त्यामुळे वीजजोडणी कुणाच्या नावावर, फाटक एक की दोन, मुकादम कुणाकडून पगार घेतो, हे विचारायचं आधीच लिहून ठेवा.

कायद्याचा भागही ताजा करून जा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या आहेत. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात, म्हणून त्या आठवड्यात राज्याच्या अधिसूचना कुठवर आल्या आहेत ते पुन्हा पाहा. मूळ गाभा तसाच आहे: आठवड्याला ४८ तास, एक साप्ताहिक सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे. महाराष्ट्रात किमान वेतन म्हणजे मूळ दर अधिक विशेष भत्ता. हा भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. परिमंडळ कोणतं आणि कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल, यावर दर ठरतो. जुना तक्ता घेऊन गेलात तर तुमचा सगळा हिशेब चुकेल.

ऑडिटचा दिवस कळवून ठरवला तर कारखाना रंगवलेला सापडतो. न कळवता गेलात तर कधी मालक गावाला गेलेला असतो आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते. मला मधला मार्ग पटतो: तीन-चार आठवड्यांचा कालावधी सांगायचा, दिवस सांगायचा नाही. दिवाळीआधीचा आठवडा आणि जानेवारीतली सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा टाळा. त्या दिवसांत निम्मे माग बंद असतात आणि जे दिसेल ते नेहमीचं नसेल.

भाषेचा विचार सगळ्यात आधी. सोलापूरच्या विणकरांत पद्मशाली समाजाची तेलुगू बोलणारी माणसं मोठ्या संख्येने आहेत. शेजारी कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी आणि हल्ली उत्तरेकडून आलेली तरुण मुलं. मराठीवर भागेल असं समजून गेलात तर पर्यवेक्षकच दुभाषा होतो आणि मग मुलाखत घेऊन उपयोग नाही. तेलुगू येणारं बाहेरचं माणूस सोबत न्या. पथकात निदान एक बाई हवीच.

पहिला अर्धा तास

सुरुवातीची बैठक वीस मिनिटांत संपवा. मालक, दिवाणजी, सुपरवायझर आणि कामगारांचा कुणी प्रतिनिधी असेल तर तो, एवढे बसले की तीन गोष्टी स्वच्छ सांगा. आम्ही कुठेही फिरू, कुणाशीही एकांतात बोलू आणि बोललेल्यांची नावं कुणालाही देणार नाही. कामगाराला त्रास दिला गेला तर ती वेगळी आणि गंभीर नोंद होईल, हेही तिथेच सांगा. जेवण स्वतःचं न्या. निघताना टॉवेलचा गठ्ठा किंवा पाकीट पुढे आलं तर नाही म्हणा आणि ते देऊ केलं होतं हे अहवालात लिहा. मला हे लिहिणं सुरुवातीला जड जायचं, समोरच्याचा अपमान होईल असं वाटायचं. पण न लिहिलेलं पाकीट पुढच्या ऑडिटरसमोर पुन्हा येतं.

मग कागद मागवा आणि ते येईपर्यंत ऑफिसात थांबू नका. लगेच आत जा.

शेडमध्ये फिरताना

मालाच्या वाटेने फिरा: सूत, वहिफणी (मागासाठी ताण्याचं सूत तयार करणं), माग, डाइंग, बॉयलर, कटिंग, हेमिंग, चेकिंग, पॅकिंग, गोदाम, छप्पर. एकही दार न उघडता पुढे जायचं नाही. कुलूप असेल तर किल्ली आणेपर्यंत तिथेच उभं राहायचं.

आगीपासून सुरुवात करते, कारण इथे चूक झाली तर ती भरून निघत नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. मालकाच्या कुटुंबातली माणसं आणि कामगार मिळून ८ जण गेले, त्यांत एक लहान मूलही होतं. ही माणसं कारखान्याच्या आवारातच राहत होती. म्हणून माझ्या यादीत आता पहिला प्रश्न असा: रात्री इथे कोण झोपतं? राखणदाराची खोली, माळा, गठ्ठ्यांमागची चटई, दोरीवर वाळत घातलेले कपडे, गॅसची शेगडी बघा. विचारलं की "कुणी राहत नाही" असंच उत्तर येतं. टूथब्रश आणि आरसा कुठे टांगला आहे ते शोधा.

प्रत्येक मजल्यावर बाहेर पडायला निदान दोन वेगळ्या वाटा हव्यात, दारं आतून किल्लीशिवाय उघडायला हवीत आणि बाहेरच्या बाजूला उघडायला हवीत. स्वतः उघडून बघा. पॅकिंगच्या खात्यातून एखाद्या बाईला म्हणा, "मावशी, दिवे गेलेत असं समजा, मला बाहेर घेऊन चला," आणि तिच्यामागे चाला. पिवळे पट्टे आखलेले असतात, पण माल जायच्या आठवड्यात त्यांच्यावर पेट्या रचलेल्या असतात. ती कुठे अडखळते, कुठे वळते ते पाहा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, घ्यावं लागतं. त्यावरची तारीख बघाच, शिवाय नळाला पाणी येतं का हेही चाक फिरवून बघा. कागदावर हायड्रंट आणि टाकी कोरडी, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे.

टेरीच्या मागावर कापसाचे तंतू फार उडतात. ते दिव्यांवर, पंख्यांवर, वीजपेटीच्या आत साचतात. पेटी उघडायला लावा. आत तंतूंचा थर असेल तर तो फोटोसकट तातडीच्या नोंदीत घ्या.

आवाजाची मर्यादा आठ तासांसाठी ९० डेसिबल आहे. यंत्र नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलून बघा. ओरडावं लागलं तर कानाचं संरक्षण हवं आणि वर्षातून श्रवणचाचणी हवी. कापसाचे बोळे घातलेले कान दिसले तर कामगारांना त्रास होतोय आणि मालकाने साधन दिलेलं नाही, हे दोन्ही कळतं.

डाइंगमध्ये कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. पिंपावर नाव आहे का, डोळे धुवायचा नळ दहा-बारा पावलांत आहे का, आणि रसायनाचं माहितीपत्रक तिथे काम करणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत आहे का, एवढं बघा. इंग्रजीतलं माहितीपत्रक चिकटवून कुणाचा डोळा वाचत नाही. बॉयलरची वार्षिक तपासणी आणि चालवणाऱ्याचा परवाना बघा. परवान्यावरचा फोटो आणि त्या पाळीला समोर उभा असलेला माणूस एकच आहे का तेही.

बायकांच्या स्वच्छतागृहात पथकातल्या बाईने जायचं. दर २५ बायकांमागे एक, हा हिशेब आहे. कडी लागते का, पाणी आहे का, आणि जायला परवानगी घ्यावी लागते का? पाण्याचा प्याला शिवणाऱ्या बाईच्या मशीनपासून लांब असेल आणि ती दिवसभर पाणीच पीत नसेल, तर तेही लिहिण्यासारखं आहे. सोलापूरचा मे महिना चाळीस अंशांपुढे जातो.

कागद

तीन महिन्यांचे कागद निवडा: नुकताच संपलेला, सगळ्यात गर्दीचा आणि सगळ्यात सुस्त. निवड तुमची हवी, त्यांची नको. त्या महिन्यांतली पंधरा-वीस नावं घ्या, त्यांत ठेकेदाराचे कामगार आणि पाळीतले हेल्पर असू द्या.

हजेरी आणि पगार तपासताना त्यांच्या शेजारी अशा वह्या ठेवा ज्या ऑडिटरसाठी लिहिलेल्या नसतात. सुईची वही झाली. फाटकावरची आवक-जावक वही, जनरेटरच्या डिझेलची नोंद, बॉयलरचं लॉगबुक, चेकिंगवालीने पेनने लिहिलेल्या दिवसाच्या आकड्यांची चिठ्ठी, प्रथमोपचार पेटीचं रजिस्टर, माल नेणाऱ्या ट्रकची पावती. रात्री नऊला बोट कापल्याची नोंद असेल आणि हजेरीत सगळे सहाला घरी गेलेले असतील, तर कच्चं रजिस्टर वेगळं आहे. ते मागा. ओरडू नका, फक्त दोन नोंदी शेजारी ठेवा आणि दिवाणजीला विचारा, "अण्णा, हे कसं जुळवायचं?" बऱ्याचदा पाच मिनिटं शांतता असते आणि मग खालच्या खणातून दुसरी वही येते. खरी वही दाखवणाऱ्याला अहवालात त्याचं श्रेय द्या. लपवणाऱ्यापेक्षा दाखवणाऱ्याला जास्त शिक्षा झाली तर पुढच्या वर्षी तो खण उघडणारच नाही.

आता पगाराचं गणित. समजा, मूळ आणि विशेष भत्ता मिळून महिन्याला १३,००० रुपये आहेत. २६ दिवसांनी भागा, रोज ५०० रुपये. ८ तासांनी भागा, तासाला ६२ रुपये ५० पैसे. जादा कामाचा दर दुप्पट, म्हणजे १२५. महिन्यात ४० तास जादा झाले असतील तर ५,००० रुपये मिळायला हवेत. एकेरी दराने दिले तर हातात २,५०० पडतात. ही तफावत पत्रकात "उत्पादन प्रोत्साहन" किंवा "इतर भत्ता" अशा नावाखाली लपलेली असते.

नगावर मजुरी असेल तिथे जास्त सावध राहा. हेमिंगवाली १२ तासांत १,०२० टॉवेल शिवते, नगाला ६० पैसे, म्हणजे ६१२ रुपये. किमान वेतन ५०० असेल तर वरवर सगळं ठीक दिसतं. पण ८ तासांचे नग ६८०, त्यांचे ४०८ रुपये. म्हणजे साध्या दिवसालाच ती किमान वेतनाखाली आहे. १२ तासांचा कायदेशीर हिशेब ५०० अधिक जादा ४ तासांचे ५००, असा १,००० होतो. तिला रोज ३८८ रुपये कमी मिळतात, आणि त्यासाठी बारा तास बसावं लागतं हा वेगळा भंग. नगाचे दर तपासताना नेहमी घड्याळ मधे आणा. नुसता दिवसाचा आकडा बघणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

५० किंवा जास्त कामगार असतील तर महाराष्ट्रात ५ टक्के घरभाडे भत्ता द्यावा लागतो. हा १९८३ चा कायदा बाहेरच्या राज्यातून आलेल्या ऑडिटरच्या नजरेतून हमखास निसटतो. पीएफमध्ये कामगाराचे १२ टक्के, ईएसआयमध्ये ०.७५ टक्के कापतात, मालकाचे ईएसआयचे ३.२५. पैसे भरल्याच्या चलनावरची नावं हजेरीतल्या नावांशी एकेक करून जुळवा. कापले पण भरले नाहीत, हा प्रकार चलनाच्या बेरजेत दिसत नाही, नावात दिसतो. कामगाराची तयारी असेल तर त्याच्याच फोनवर उमंग ॲपमध्ये पीएफचं पासबुक उघडायला सांगा. अनेकांनी ते आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिलेलं असतं.

उचल

यावर थोडं थांबते, कारण प्रश्नावलीत याला एक ओळ असते आणि प्रत्यक्षात बरंच काही याच्या खाली दबलेलं असतं. लग्न, दवाखाना, मुलाची फी, घराचा पत्रा यांसाठी कामगार मालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतो. उचल देणं गैर नाही, कित्येकांना बँक दारातही उभी करत नाही. प्रश्न पुढचा आहे. लेखी हिशेब आहे का? दर महिन्याला किती कापतात, आणि कापून हातात किमान वेतन उरतं का? व्याज लावतात का? उचल शिल्लक असताना माणूस दुसऱ्या मागावर जाऊ शकतो का? "फेडल्याशिवाय जाता येत नाही" हे उत्तर आलं तर ती १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या हद्दीतली गोष्ट आहे. युरोपीय संघाचा सक्तीच्या श्रमातून बनलेल्या मालावर बंदी घालणारा नियम १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होतोय. निर्यातदारांनी आपल्या मुकादमांच्या वह्या त्याआधी उघडलेल्या बऱ्या.

परगावच्या मुलांना आणखी एक विचारा: एटीएम कार्ड कुणाकडे आहे? पगार खात्यात जातो, कागद स्वच्छ असतो आणि कार्ड ठेकेदाराच्या खिशात असतं.

मुलाखती

माणसं तुम्ही निवडा, शेडमध्ये फिरतानाच मनात ठेवा. एक गरोदर बाई, एक सगळ्यात तरुण दिसणारा मुलगा, काल रुजू झालेला, वीस वर्षं जुना, ठेकेदाराकडचा, रात्रपाळीचा. ऑफिसच्या केबिनमध्ये बसवू नका, काचेतून सगळं दिसतं. जेवणाची जागा, आवारातलं झाड, पाळी सुटताना फाटकाबाहेरचा चहाचा गाडा बरा. काहींशी एकेकट्याने, काहींशी चार-पाच जणांत बोला. बायका एकमेकींच्या सोबतीने जास्त मोकळ्या होतात.

"ओव्हरटाइम होतो का?" असं विचारलं की शिकवलेलं उत्तर येतं. "काल रात्री जेवलात किती वाजता?" विचारा. "मागचा रविवार कसा गेला?" "गड्ड्याला पोरांना घेऊन कोणत्या दिवशी गेलात?" "पगाराच्या दिवशी हातात किती आले, आणि दिवाळीला?" "आजारी पडलात तर कुठे दाखवता?" ईएसआय कापला जातो आणि बाई मुलाला खासगी दवाखान्यात नेते, तर तिला कार्ड मिळालेलं नाही किंवा कसं वापरायचं कुणी सांगितलेलं नाही.

सगळ्यांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी आली तर शिकवणी झाली आहे. तेही निरीक्षण म्हणून लिहा. कामगारांना खोटं ठरवू नका, त्यांना उद्याही तिथेच काम करायचं आहे.

लैंगिक छळाचा प्रश्न थेट विचारून उत्तर मिळत नाही. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष बाई आणि निम्म्याहून कमी नाही एवढ्या सदस्य बाया, शिवाय एक बाहेरची सदस्य. भिंतीवर नावं असतात. त्यातल्या एकीला तरी ओळखता का, हे विचारा. मग "नव्या मुलीला तुम्ही कुणापासून जपून राहायला सांगता?" हा प्रश्न. माझ्या अनुभवात या प्रश्नाने जेवढं कळलं तेवढं समितीच्या इतिवृत्तांनी कधी कळलं नाही.

लहान मूल कामावर दिसलं तर गोंधळ करू नका. १४ वर्षांखालच्या मुलांना कोणत्याही कामावर ठेवायला बंदी आहे, १४ ते १८ मधल्यांना धोक्याच्या कामांवर. त्याला धोक्यातून लगेच बाजूला घ्यायला लावा, पण फाटकाबाहेर काढून मोकळे होऊ देऊ नका. तसं केलं तर तो उद्या यापेक्षा वाईट ठिकाणी दिसेल. वयाचा पुरावा, पालकांशी भेट, शाळा आणि तोवर घराचं उत्पन्न बुडू नये याची व्यवस्था, हे सगळं पुरवठादाराच्या खर्चाने लेखी ठरवा. मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे.

नोंदी आणि बैठक

प्रत्येक नोंदीत काय दिसलं, कुठे, कोणत्या तारखेच्या कोणत्या कागदात आणि कायद्याचा किंवा आचारसंहितेचा कोणता भाग मोडला, हे असावं. "आरोग्य व सुरक्षेत सुधारणेस वाव" असं वाक्य लिहू नका, त्यावर कुणालाच काही करता येत नाही. "दुसऱ्या मजल्यावरचं पूर्वेकडचं दार दुपारी १२.१० ला कुलूपबंद, किल्ली सुपरवायझरकडे" असं लिहा. कामगारांकडून कळलेली गोष्ट शक्यतो एखाद्या कागदाच्या आधाराने मांडा, म्हणजे बोट कुणाकडे जात नाही. तिघांनाच ठाऊक असेल अशी गोष्ट शेवटच्या बैठकीत उघड करू नका, ती गिऱ्हाइकाला स्वतंत्रपणे कळवा.

मग प्रत्येक सुधारणेला मुदत द्या. कुलूप तुमच्यासमोर निघायला हवं, आजच. आवारात झोपणाऱ्यांची सोय आठवड्यात. जादा कामाचा थकलेला फरक पुढच्या पगारात, मागच्या किती महिन्यांचा ते आकड्यासकट. प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि तारीख.

आणि इथे मला खरेदीदारांशी बोलायचं आहे. मी असे अहवाल लिहिलेत ज्यांत जादा कामासाठी पुरवठादाराला दोषी ठरवलं आणि त्याच महिन्याच्या ईमेलमध्ये गिऱ्हाइकाने रंग बदलून कळवला होता, जहाजाची तारीख मात्र तीच ठेवली होती. ज्या दराने टॉवेल मागितला त्यात दुप्पट ओव्हरटाइम बसतच नव्हता. त्यामुळे आता मी सुधारणेच्या तक्त्यात एक रकाना गिऱ्हाइकाचा ठेवते. ऑर्डर पक्की झाल्याची तारीख, नमुना मंजूर झाल्याची तारीख, शेवटचा बदल आला ती तारीख, माल जायची तारीख. दुप्पट ओव्हरटाइम आणि बदललेला विशेष भत्ता धरून नगाची किंमत किती होते, तेही. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठासाखळीतल्या मानवी हक्कांची काळजी घेणं कायद्याने भाग पडलं आहे, त्यात स्वतःच्या खरेदीच्या पद्धतीही येतात. पुरवठादारानेही हा रकाना भरायला घाबरू नये. आणि पहिली चूक सापडताच ऑर्डर काढून घेणाऱ्या खरेदीदाराने लक्षात घ्यावं की त्या दिवशी घरी बसतो तो हेमिंगवालीचा पगार.

फेरतपासणी

फोटो मागवून फाइल बंद करायची पद्धत पडली आहे. नव्या विझवणीच्या नळकांड्याला फोटो चालेल. पगाराच्या फरकाला चालणार नाही. त्यासाठी बँकेचं विवरण मागवा आणि त्यातल्या पाच जणांना खात्यात पैसे आल्याचा संदेश फोनवर दाखवायला सांगा.

मुलाखती घेतलेल्यांना निघताना तुमचा नंबर द्या आणि दोन आठवड्यांनी स्वतःहून फोन करा, संध्याकाळी, पाळी सुटल्यावर. तीन महिन्यांनी परत गेलात की बाकी काही उघडण्याआधी हजेरीपुस्तक घ्या आणि ज्यांच्याशी बोललात ती नावं शोधा. एखादं नाव गळालं असेल तर राजीनामा मागा, त्यावरची सही जुन्या पगारपत्रकातल्या सहीशी ताडून पाहा, आणि त्या बाईच्या घरी जा.